चोवीस तासांच्या पाळीला बदली द्या
स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबीयांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, मा. सामाजिक न्याय मंत्री आणि मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांना घरी सांभाळणारी माणसे यांना सेवा व कायदेशीर आधार मिळणेबाबत

महोदय,

आम्ही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या बायका, नवरे, मुली, सुना आणि मुलगे आहोत. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी हा आजार बराच काळ ओळखूच आला नाही. वडील तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, आईला रोजच्या आमटीची कृती आठवेना, तेव्हा ‘वय झालं, असं व्हायचंच’ म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. कधी कधी डॉक्टरांनीही. पण हा मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. शिवाय बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य किंवा पडल्यावर कवटीच्या आत साचलेले रक्त यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि वेळेवर उपचार झाले तर ती बरीच सुधारू शकतात. तपासणीच झाली नाही, तर हा फरक कुणाला कळणार? म्हणून प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा ठरलेला दिवस स्मृती तपासणीसाठी राखून ठेवावा. चाचण्या मराठीत आणि शाळेत न गेलेल्यांनाही देता येतील अशा असाव्यात. पाटीवर कधी अक्षर न गिरवलेल्या आजीला वाक्य लिहायला सांगून तिच्या स्मृतीबद्दल काहीच कळत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते. हेच प्रमाण त्या जुन्या आकड्याला लावले, तरी ८ लाखांच्या आसपास रुग्ण होतात. त्यातले बहुसंख्य आज कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी नजरेखाली आहेत.

त्या ‘कुणाच्या तरी’बद्दल आम्हाला सविस्तर बोलायचे आहे.

या आजारात औषधांचा उपयोग मर्यादित आहे. माणूस सावरतो तो सांभाळण्याने. जेवण-झोपेची वेळ बदलायची नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा, आतली कडी हाताला लागणार नाही अशी बसवायची. दिवेलागणीला स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू झाला की वाद न घालता दिवे मोठे करून हात धरून दोन फेऱ्या मारायच्या. रात्री लघवीला चार वेळा उठवायचे. हे वर्षानुवर्षे चालते आणि बहुतेक घरांत एकच व्यक्ती, बहुधा बाईच, ते करते. तिची नोकरी सुटते, स्वतःचा रक्तदाब तपासायचा राहतो, भावाच्या घरच्या लग्नालाही ती जाऊ शकत नाही. ब्युरोकडून मावशी ठेवायची तर अनेक घरांत तो महिन्याचा खर्च निवृत्तिवेतनाला परवडत नाही. आरोग्य विमा आणि शासकीय योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतात. घरच्या वर्षानुवर्षांच्या सांभाळाला त्यांत जागाच नाही.

म्हणून आमची सर्वांत मोठी मागणी: प्रत्येक तालुक्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराचे केंद्र आणि प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन आठवडे रुग्णाला ठेवता येईल असे निवासी केंद्र सुरू करावे. केरळने २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी राज्याचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात अशा दोन्ही केंद्रांची तरतूद केली. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण स्मृतिभ्रंश आहे म्हटले की आमच्या माणसाला अनेक वृद्धाश्रमांच्या दारातूनच परत पाठवले जाते. शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थांना असा नकार देता येऊ नये आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ शासनाने द्यावे.

खासगी केंद्रांचीही नोंदणी व तपासणी हवी. रुग्णाला खुर्चीला बांधणे, त्रास देतो म्हणून गुंगीची औषधे देणे हा सांभाळ नव्हे. मनोविकारांवरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पेशंट सांभाळणाऱ्या मावशींसाठी सरकारी खर्चाने प्रशिक्षण आणि किमान वेतन, दोन्ही ठरवावे. त्यांच्यावर अन्याय करून आमची सोय होऊ नये.

आता कायद्याविषयी. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की करार कायद्यानुसार ते मुखत्यारपत्रच संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. बँकेत नवऱ्याची ठेव असते, त्याच्याच उपचारांसाठी पैसे हवे असतात आणि बायकोला ती मोडता येत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयातून पालक व मालमत्तेचा व्यवस्थापक नेमता येत असे. २०१७ च्या नव्या कायद्यात ती व्यवस्था उरली नाही. राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या पालकत्वाच्या यादीत स्मृतिभ्रंश नाही. अशा वेळी कुटुंबांना थेट उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाने वकील, प्रवास आणि तारखा कशा सांभाळायच्या, रुग्णाला कुणाकडे ठेवून? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. तिच्यात स्मृतिभ्रंशाचा स्पष्ट उल्लेख करणारी कार्यपद्धती राज्याने काढावी, अर्ज जिल्ह्यातच निकाली निघावा आणि पालकाच्या हिशेबाची दरवर्षी तपासणी व्हावी. ही तपासणी आम्हीच मागत आहोत, कारण असहाय माणसाच्या जमिनीवर डोळा ठेवणारे नातेवाईकही आम्ही पाहिले आहेत. शिवाय आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असताना, आपला पालक आपणच निवडण्याची मुभा रुग्णाला मिळावी.

दिव्यांग प्रमाणपत्र देताना स्मृतिभ्रंशाचे मोजमाप कसे करायचे, हे सर्व वैद्यकीय मंडळांना लेखी कळवावे. हयातीच्या दाखल्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी कर्मचारी यावा. हरवलेल्या वृद्धाची तक्रार पोलिसांनी थांबायला न सांगता लगेच घ्यावी आणि एसटी स्थानके, रेल्वे पोलीस व रुग्णालयांना तत्काळ कळवावी. भर उन्हात चालत सुटलेल्या माणसासाठी पहिले काही तास निर्णायक असतात.

या मागण्यांवर आरोग्य, सामाजिक न्याय आणि विधी या तिन्ही विभागांच्या सचिवांनी आमच्या प्रतिनिधींसोबत अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी एकत्र बैठक घ्यावी. पहिल्या वर्षी किमान सहा महसुली विभागांत एकेक दिवसभराचे केंद्र सुरू व्हावे आणि त्यासाठीची रक्कम अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. बैठक शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत ठेवावी. त्या वेळेत आमच्यापैकी काही जणांना घरी कुणीतरी बसवून येणे जमते.

आपले,
स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या कुटुंबीयांची संघटना