पुडीला कोठडी, पोत्याला खाट

असोद्याच्या शिवारात रोजंदारीवर राबणाऱ्या एखाद्या तरुणाच्या खिशात गांजाची पुडी सापडली, तर त्याचे पुढे काय होते? जळगाव तेथून जेमतेम दोन कोसांवर. तेथे न्यायालय आहे, कारागृह आहे आणि २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या तरुणाला गरज असते तिसऱ्याची; रवानगी होते ती पहिल्या दोहोंकडे. ठाणे, कोठडी, जामिनासाठी वकील आणि वकिलासाठी कर्ज, हा ठरलेला क्रम. गुन्हा कबूल करून दंड भरावा तर घरातले धान्य विकावे लागते. न भरावा तर तुरुंग. सुटून यावे तो काम गेलेले असते, व्यसन मात्र होते तेथेच असते.

आता दुसरे चित्र पाहा. मेफेड्रॉनच्या प्रकरणातील एक बडा आरोपी येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात येतो, महिनोन्‌महिने तेथे मुक्काम ठोकतो आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे गांधीजयंतीच्याच दिवशी, तेथून पसार होतो. ज्याला रुग्णालय हवे त्याला कोठडी, आणि ज्याला कोठडी हवी त्याला रुग्णालयाची खाट, असा हा न्याय आहे. पुडी आणि पोते यांतील फरक शासनाला कळतो. तो फक्त उलटा कळतो.

हा अन्याय कायद्याने सांगितलेला आहे, असे मात्र कोणी समजू नये. गुंगीकारक औषधी द्रव्यांसंबंधीचा १९८५ चा अधिनियम कठोर खरा. पण त्याच्या कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगात न धाडता, त्याच्या संमतीने, शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कलम ६४-अ तर त्याही पुढे जाते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या अशा आरोपीवर खटलाच चालू नये, असे ते म्हणते. अल्प प्रमाण म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉईन पाच ग्रॅमपर्यंत. आपला मजूर या मर्यादेच्या कितीतरी आत असतो.

मग हे दार उघडत का नाही? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने पंजाबातील २०१३ ते २०१५ या काळातील खटले तपासले, तेव्हा न्यायालयाने उपचारासाठी पाठविलेला एकही व्यसनी तिला आढळला नाही. पंजाबसारख्या होरपळलेल्या प्रांतात ही गत! दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे, बेकायदा मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या वीसांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. दारूच्या बाबतीत हे प्रमाण अडतीसांत एक आहे. न्यायाधीशाने उपचाराचा हुकूम द्यावा तरी कोणाच्या भरवशावर? त्यासाठी तपासणारा डॉक्टर हवा, मान्यताप्राप्त खाट हवी, आणि घरी परतलेल्या माणसाच्या पाठीशी वर्षभर उभा राहणारा परिवीक्षा अधिकारी हवा. मुंबई इलाख्याने परिवीक्षेचा कायदा १९३८ सालीच केला होता. देशाने तो १९५८ साली केला. आणि १९८५ च्या अधिनियमाच्या कलम ३३ ने त्या परिवीक्षेचे दार बहुतेक प्रौढ आरोपींना बंद केले. सेवनाच्या कलमाखाली दोषी ठरणाऱ्याला ते उघडे आहे, बाळगण्याच्या कलमाखालच्याला नाही. कलम कोणते लावायचे, हे प्रथम ठरवतो तो ठाणे अंमलदार!

व्यसनातून माणूस उठतो की नाही, याविषयी ज्यांना शंका आहे त्यांनी पुण्याच्या मुक्तांगणाकडे पाहावे. गर्दने शहरे पोखरली जात असताना, १९८६ साली, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ते उभारले. दंडुका न उगारता, माणसाला माणूस मानून तेथे काम होते. परंतु शासनाचे कर्तव्य दात्यांच्या पदरात टाकून मोकळे होणे हा समाजवाद नव्हे.

आपल्यातीलच काही कार्यकर्त्यांना हा विचार रुचणार नाही. दारूबंदीच्या चळवळीत ज्यांनी आयुष्य घातले, त्यांना यात व्यसनाची भलावण दिसेल. ज्या भगिनींनी उभ्या-आडव्या बाटलीच्या मतदानात दुकाने बंद पाडली, त्यांचा संताप शंभर टक्के रास्त आहे. तो ज्याच्यावर पडावयास हवा तो मात्र वेगळा आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेये बंद करण्याचा प्रयत्न करा असे सांगते आणि सरकार त्याच पेयांच्या उत्पादनशुल्कावर तिजोरी भरते. नवरा तुरुंगात गेला की मार खाणे थांबते, हे खरे. पण मजुरी बुडते, कर्ज चढते, आणि तो परततो तेव्हा अधिक बिथरलेला असतो. त्या स्त्रीला संरक्षण हवेच. ते सूडाने मिळत नाही.

खानदेशच्या समाजवाद्यांना तुरुंग अपरिचित नाही. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीताप्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ध्येयासाठी तुरुंग पत्करणाऱ्यांना तेथे विद्यापीठ लाभले. व्यसनाने खचलेल्या मजुराला तेथे लाभते ती फक्त सराईतांची संगत.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला. उपचाराचा हक्कही तितक्याच स्पष्टपणे मागितला पाहिजे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाशी शासकीय रुग्णालयाचा व्यसनोपचार विभाग जोडला जावा. कलम ६४-अ ची माहिती आरोपीला पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत, मोफत वकिलाकरवी मिळावी. अल्प प्रमाणाच्या सर्व गुन्ह्यांना परिवीक्षा लागू व्हावी. आणि उपचार घेऊन आलेल्याच्या हाताला काम मिळावे. पक्षाच्या शाखांनी तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बसावे, गेल्या वर्षी किती जणांना दंड झाला आणि किती जणांना उपचार मिळाला, याचा हिशेब मागावा. तो हिशेब हाती घेऊनच मोर्चा निघाला पाहिजे. आणि तो व्यसन्यांच्या वस्तीवर नव्हे, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर गेला पाहिजे.