नाव पेरणाऱ्याचे, पुडी दुसऱ्याची



कृषी पदवी घेताना मला भुईमुगाच्या आऱ्या, जिप्समची मात्रा, टिक्का रोग, सगळे शिकवले. खाऱ्या दाण्यांच्या पुडीतला पैसा कुठे मुरतो, हे एका तासालाही शिकवले नाही. तो राहिलेला धडा आज घेऊ.

अमेदेओ ओबिची हा इटलीतला गरीब पोरगा १८८९ मध्ये अमेरिकेत आला. फळांच्या दुकानात शेंगा भाजून विकू लागला. १९०६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी येथे त्याने मारिओ पेरुझीसोबत कंपनी काढली. पेरुझी पुढे त्याच्या बहिणीचा नवरा झाला. धंदा घरातच राहिला. कंपनीचे नाव 'प्लँटर्स', म्हणजे लागवड करणारे. मालक मात्र भाजणारे आणि विकणारे!

१९१३ मध्ये त्यांनी व्हर्जिनियातल्या सफोकला, भुईमुगाच्या मुलखात, कारखाना घातला. शेंग घ्यायची, फोडायची, भाजायची, मीठ लावायचे, पुडीवर आपले नाव छापायचे. १९१६ मध्ये एका शाळकरी मुलाच्या चित्रावरून 'मिस्टर पीनट' जन्मला. शेंगेला टोपी, काठी, चष्मा मिळाला. शेंग पिकवणाऱ्याला मिळाला बाजारभाव.

१९४७ मध्ये ओबिची वारला. १९६० मध्ये कंपनी विकली गेली, मग एका हातातून दुसऱ्या हातात फिरली. २०२१ मध्ये हॉर्मेल कंपनीने नाव, कारखाने असा सगळा धंदा ३३५ कोटी डॉलरला घेतला. शेंगा पिकवणाऱ्याला त्यात वाटा नव्हता. कसा असणार? त्याने शेंग विकली तेव्हाच त्याचा हक्क संपला होता.

ओबिचीला मी चोर म्हणत नाही. त्याने कष्ट केले, डोके चालवले. प्रश्न आपल्याला आहे. ते डोके पिकवणाऱ्याने का चालवू नये?

त्याच अमेरिकेत, १९१० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बदाम बागायतदारांनी भावासाठी एकी करून स्वतःची संस्था काढली. तिचा 'ब्लू डायमंड' छाप आजही सुमारे तीन हजार बागायतदारांच्या मालकीचा आहे. भाव तिथेही पडतात. पण पुडीतला नफा मालक म्हणून शेतकऱ्याकडे येतो.

सहकार म्हटले की तुम्ही हसाल. आपल्याकडे सहकार म्हणजे पुढाऱ्याची जहागीर, सरकारचे भांडवल आणि सभासदाने नुसता अंगठा उठवायचा. तसला सहकार नको. भांडवल आपले, हिशेब उघडा, छाप आपला, असे हवे.

आज आपण कापूस सरकीसकट विकून मोकळे होतो, ज्वारी पोत्याने घालतो. हुरडा आपण पाहुण्याला फुकट खाऊ घालतो. शहराजवळ त्याच हुरड्याचे माणशी पैसे मोजून घेतात.

पुढच्या बैठकीला येताना दुकानातली खाऱ्या दाण्यांची एक पुडी आणि आपल्या मालाची शेवटची हिशेबपट्टी आणा. दोन्ही शेजारी ठेवू आणि हिशेब मांडू. भाषणे नंतर.