पदवी दिली, शिकवलं किती?

२०२१ साली मुंबई विद्यापीठाला ‘नॅक’ने ‘ए प्लस प्लस’ श्रेणी दिली. ४ पैकी ३.६५ गुण. पण परळ-लालबागच्या चाळीतून, मराठी माध्यमातून कॉलेजात गेलेली मुलगी तीन वर्षांत काय शिकली, हे त्यातून कळतं का? केंद्राची क्रमवारी पीएच.डी. मोजते, उत्तीर्णांचा आकडा मोजते, विद्यार्थिनींची टक्केवारीही मोजते. म्हणजे आमची डोकी मोजतात, डोक्यात काय गेलं ते नाही!

२०१७ मध्ये ऑनलाइन पेपरतपासणीचा घोळ झाला, निकाल रखडले, कुलगुरूंची हकालपट्टी झाली. ओरड झाली ती निकालाच्या तारखेची. निकालामागच्या शिक्षणाचं काय?

खेड्यातल्या पोरांना दुसरीचा उतारा वाचता येतो का, हे ‘असर’ची पाहणी २००५ पासून जाहीर सांगते. मग विद्यापीठांनाच पडदा कशाला?

काहीजणी म्हणतील, अशाने कष्टकरी वस्तीतली कॉलेजं बदनाम होतील. धोका खरा आहे. म्हणूनच मुलगी आत येताना कुठे होती आणि बाहेर पडताना कुठे पोचली, ते अंतर मोजा. लग्नापायी, घरकामापायी मध्येच गळालेल्या मुलीही हिशेबात धरा. मागे पडलेल्या कॉलेजचं अनुदान कापू नका, तिथे शिक्षक भरा.

मैत्रिणींनो, गिरणगावातल्या बायांनी खानावळी चालवून पोरी शिकवल्या. विद्यापीठही आपल्याच करांवर चालतं. तेव्हा हिशेब हवा. मराठीतून, कॉलेजच्या फलकावर, सगळ्यांना दिसेल असा!