बोट लागणे

आमच्या आईला ऐंशी पूर्ण झाली. हॉल घ्या, भटजी बोलवा, शंभर पानं उठवा हे सगळं तिने पहिल्याच झटक्यात उडवून लावलं. "माझ्यासाठी करताय ना, मग मला बरं वाटेल असं करा," म्हणाली. आता तिला काय बरं वाटेल हे ठरवायला आम्ही तिघं भावंडं बसलो आणि तिथून आमच्या घरात बोटयुद्ध सुरू झालं. गेला महिनाभर चाललंय. नातेवाईकांपैकी निम्मे त्यात ओढले गेलेच आहेत, उरलेल्यांना हे वाचून कळेलच.

त्याचं मूळ गेल्या हिवाळ्यात आहे. ऐरोलीत खाडीकाठी वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून फ्लेमिंगो बघायला छोट्या बोटीतून नेतात. भरती-ओहोटी बघून वेळ ठरते. इतकी वर्षं इथे राहून आम्ही गेलो नव्हतो (घराजवळचं काही बघायचं नाही हा आमचा नियमच आहे). आईला घेऊन गेलो. फ्लेमिंगो दिसले, भरपूर दिसले, पण आईचं लक्ष पक्ष्यांकडे नव्हतंच. पाण्यात हात घालता येईल का ते बघत होती. परत आल्यावर आठवडाभर तिच्या तोंडी बोट, बोट आणि बोट. लहानपणी मुंबई ते मालवण तिने कितीतरी वेळा बोटीने केलंय. शेवटचा प्रवास सत्तरच्या दशकातला. त्यानंतर एसटी, मग १९९८ नंतर कोकण रेल्वे.

तेव्हा आईला बोटीने न्यायचं यावर एकमत झालं. कुठल्या बोटीने, यावर नाही.

धाकट्या बहिणीचा मुलगा सिंगापुरात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, आजीला इकडे आणा, जेंटिंग ड्रीमवर नेऊ. २०१६ साली जर्मनीत बांधलेली, ३३५ मीटर लांब, सव्वातीन हजारांवर माणसं मावणारी. मी म्हटलं, मुंबईहून कॉर्डेलियाची एम्प्रेस आहे, गोव्याला जाऊन येते, तीच बरी. तर फोनवर हा पठ्ठ्या म्हणतो, "मामा, ती बोट माझ्यापेक्षा मोठी आहे!" वयाने, असं म्हणायचं होतं त्याला. खरंच आहे. ती १९९० साली फ्रान्समध्ये बांधली गेली, नॉर्डिक एम्प्रेस या नावाने. लांबी २११ मीटर. तीन-चार दिवसांच्या छोट्या सफरींसाठीच मुद्दाम बांधलेली, आणि आपल्याकडे आली २०२१ मध्ये.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मुंबईच्या वाट्याला येणारी बोट बहुतेक कुणीतरी वापरून उतरवलेलीच असते. २००५ मध्ये सुपरस्टार लिब्रा आली तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! ती १९८८ ची. २०१८ मध्ये मुंबई-गोवा आंग्रिया सुरू झाली, ती जपानमध्ये आधी चालून आलेली. २०१९ ला कर्णिका आली, ती १९९० ची, आणि वर्ष-दीड वर्षात कंपनी बंद पडून ती सरळ अलंगच्या भंगारात गेली. पूर्वी मोठ्या भावाचे सदरे धाकट्याला यायचे तसं आहे हे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. सदरा धडका आहे की नाही एवढं बघायचं.

आणि इथे माझा भाच्याशी पहिला वाद. जुनी म्हणजे धोक्याची, नवी म्हणजे सुरक्षित, हे कुठून आलं? रामदास बोट १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ती बोट किती जुनी होती? १९३६ ची बांधणी. म्हणजे अकरा वर्षांची. इटलीच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये खडकाला घासून आडवी झालेली कोस्टा कॉन्कॉर्डिया तर सहाच वर्षांची होती. टायटॅनिकबद्दल मी काय सांगू. उलट जुन्या प्रवासी बोटींना नियम मागाहूनही लागू होतात. आगीला साथ देणारं लाकूडकाम वगैरे असलेल्या जुन्या बोटींना १ ऑक्टोबर २०१० पासून आंतरराष्ट्रीय फेऱ्या बंद झाल्या आणि कितीतरी देखण्या बोटी त्यापायी भंगारात गेल्या. जी आज चालू आहे ती तपासण्यांतून गेलेली आहे. आमच्या सोसायटीत मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, "बोटीचं वय नका विचारू, शेवटची ड्रायडॉकला कधी गेली होती ते विचारा."

दुसरा वाद मी हरलो. माझी समजूत अशी की मोठ्या बोटीवर गर्दी आणि छोटीवर मोकळं मोकळं. काकांनी कागदावर भागाकार करून दाखवला. बोटीचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. त्याला प्रवासीसंख्येने, एका खोलीत दोघं धरून, भागायचं. एम्प्रेसचं टनेज साडेअठ्ठेचाळीस हजार, प्रवासी सोळाशे, म्हणजे तीस. जेंटिंग ड्रीमचं दीड लाख, भागाकार पंचेचाळीस. आयकॉन ऑफ द सीज म्हणून २०२४ पासून फिरणारी जी अजस्र बोट आहे, तीन-चार जणांची कुटुंबं धरली तर साडेसात हजार माणसांची, तिचाही चव्वेचाळीसच्या आसपास. म्हणजे माणशी जागा मोठ्या बोटीवरच जास्त! खोल्या मोठ्या, बहुतेक खोल्यांना बाल्कनी. जुनीवर बाल्कन्या मोजक्या, खोल्या लहान. काकांनी आणखी एक सांगितलं जे कुठल्याही जाहिरातीत नसतं. जुन्या बांधणीत न्हाणीघराला उंबरा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही गुडघे गेलेल्या बाईला रात्री दोन वाजता तो उंबरा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको.

तरी माझं मत छोट्या बोटीकडेच होतं. का, ते आता कबूल करतो. माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. पहाटेची वेळ, आई कठड्याला धरून उभी, समोर मालवणचे दिवे, तिच्या डोळ्यांत पाणी, आणि शेजारी मी, कृतकृत्य वगैरे. काकांनी हेही चित्र फाडलं. ही जहाजं किनाऱ्यापासून बरीच लांबून जातात, मालवणचे दिवे-बिवे काही दिसायचे नाहीत.

मग शेवटी (हे आधीच करायला हवं होतं) मी आईलाच विचारलं. दोन्ही बोटींचे फोटो तिच्यापुढे ठेवले. मोठीवरच्या घसरगुंड्या, थिएटर, पोहण्याचे तलाव बघून तिने एवढंच विचारलं, "हे सगळं करताना दर्या कधी बघायचा?" मी आत खूश झालो. पण लगेच पुढे म्हणाली, "आणि दर्या बघूक पैशे कित्याक मोजूचे?" मग मला गप्प करून ती बोलत राहिली. तासभर. इतक्या वर्षांत हे मी ऐकलं नव्हतं.

बोट म्हणजे तिला मजा नव्हतीच. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, वळकट्या घेऊन धावत जाऊन डेकवर जागा पकडायची. चादर टाकली की तेवढी जागा आपली. रात्रभर इंजिनाची धडधड आणि तेलाचा वास, आजूबाजूला कुणी ना कुणी ओकतंय. दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत मालवण यायचं. आणि मालवणला बोट धक्क्याला लागायची नाही. लांब पाण्यात उभी राहायची, मग किनाऱ्याकडून पडाव यायचे. बोटीच्या शिडीवरून, पडाव लाटेने वर आला की उडी टाकायची. मुलांना हातोहात द्यायचे. ती सात-आठ वर्षांची असताना तिला असंच वरून खाली दिलं आणि पडाव एकदम खाली गेला. क्षणभर ती कुणाच्याच हातात नव्हती. खालच्या खलाशाने झेललं. पण तिच्या हातातलं बोचकं पाण्यात गेलं, त्यात आजीने शिवलेलं नवं परकर-पोलकं होतं. त्याआधी चार-सहा वर्षांपूर्वीच रामदास झालेली, घराघरात तिची गोष्ट. "त्यानंतर दर वेळी मुंबईहून निघाल्यापासून मला पडावाचीच भीती असायची. रात्रभर झोप नाही," म्हणाली. पाण्यात हात घालावासा वाटणं आणि पाण्याची भीती, दोन्ही एकाच बाईत राहतात हे मला ऐंशीव्या वर्षी तिने सांगितलं.

मग तिने तिच्या अटी सांगितल्या. दोनच. "बोट लागू नये. आणि बोट लागावी."

मराठीतली गंमत बघा. बोट लागते म्हणजे मळमळतं, ओकाऱ्या होतात. आणि बोट लागते म्हणजे धक्क्याला लागते, माणूस चालत उतरतो. महिनाभर आम्ही टनेज, बाल्कन्या आणि वयं यावर भांडत होतो, आणि म्हातारीने दोन शब्दांत सगळं निकालात काढलं. (शब्दही एकच, खरं तर.)

पहिल्या अटीवर मोठी बोट पुढे, यात शंका नाही. जितकी लांब-रुंद तितकी लाटेवर कमी हलते. पण छोटीलाही पाण्याखाली दोन बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. शिवाय पावसाळा सोडून गेलं तर अरबी समुद्र तसा शांत असतो, आणि खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घेतली तर हलणं सगळ्यांत कमी. टोकाची खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. एवढी काळजी घेतली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसऱ्या अटीवर मात्र मोठी बोट अडते. बोट जितकी मोठी तितके तिला लागतील असे धक्के कमी. सिंगापूरहून जाणाऱ्या बोटी फुकेतला बहुतेक वेळा समुद्रातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. टेंडर म्हणतात त्याला. आई म्हणाली, "म्हणजे पडावच की!" पडावच. भाच्याने सांगून पाहिलं की आजी, ती बंद बोट असते, चार माणसं धरतात, काही होत नाही. खरं आहे ते. हजारो लोक रोज उतरतात. पण क्षणभर कुणाच्याच हातात नसण्याची आठवण ज्याची त्याच्याजवळ असते, तिला आकडेवारी सांगून उपयोग नाही. आणि उतरायचं नसेल तर उतरू नये, बोटीवरच एवढं काय काय आहे, असंही तो म्हणाला. ते मात्र मला पटलं नाही. नातवंडं उतरून गेली आणि आजी अठराव्या मजल्यावर तलाव बघत बसली, यासाठी आम्ही हे करत नाही आहोत.

नियम दोन्हीकडे सारखा, बरं का. एम्प्रेस लक्षद्वीपला जाते तेव्हा तीही नांगर टाकूनच उभी राहते. म्हणून लक्षद्वीपही बाद. मुंबईला बॅलार्ड पिअरहून चालत चढायचं आणि मुरगावला चालत उतरायचं, एवढाच प्रवास राहतो.

आणखी एक कारण, जे मला आता सगळ्यांत मोठं वाटतं. ३३५ मीटर म्हणजे किती? आमच्या इमारतीपासून कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत अंतर साधारण तेवढंच. आई हल्ली तिथे जात नाही, मध्ये एकदा बसावं लागतं. खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला आलं तर दिवसातून तीन वेळा तिने ते अंतर कापायचं, किंवा चाकाच्या खुर्चीत बसायचं. खुर्चीत ती बसणार नाही, हे लिहून देतो. छोट्या बोटीवर चुकून चुकलं तरी माणूस सापडतो. मोठ्या बोटी वाईट असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांच्या नातवाला न्यायचं असतं तर मी डोळे मिटून सिंगापूर म्हटलं असतं, त्याला समुद्राचा दुसऱ्या तासाला कंटाळा येतो आणि मग ती घसरगुंडी कामाला येते. पण जिला समुद्रच हवाय तिच्या आणि समुद्राच्या मध्ये एवढं सगळं कशाला बांधून ठेवायचं?

भाचा नाराज आहे. त्याने आजीसाठी सुट्टी वगैरे काढून ठेवली होती. तो इकडे येतोय आता, असं कालच बहिणीने सांगितलं. "पस्तीस वर्षांच्या बोटीवर" यायला तयार झाला म्हणजे प्रेम आहे पोराचं. तू वाचतोयस हे माहीत आहे मला, तिकिटाचे पैसे मामाच देणार आहे.

बुकिंग झालं. खोली मधली, खालच्या मजल्यावरची, लिफ्टजवळची. न्हाणीघराच्या उंबऱ्याचं विचारलं तर फोनवरच्या मुलीला उंबरा म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी ती चौकशी करून कळवते म्हणाली. अजून कळवलेलं नाही. काका म्हणाले, लाकडाची एक उतरती फळी करून न्या, ते स्वतःच मोजून कापून देणार आहेत.

डॉक्टरांनी बोट लागू नये म्हणून गोळ्या दिल्यात. आईने त्या पाकिटात ठेवल्या आणि वर आवळासुपारीची डबी ठेवली. काल रात्री बघतो तर बॅगेजवळ एक जुनी चादरही घडी करून ठेवलेली. मी म्हटलं, "अगं आई, खोली आहे, पलंग आहे, चादर कशाला?"

"डेकवर जागा धरायला," म्हणाली.