मोरचूद, साडेतीन आणि पाच

परवा कोड रिव्ह्यू करताना एक टेस्ट बघितली. फंक्शन काय उत्तर देतंय याच्याशी तिला काही देणंघेणंच नव्हतं. अपेक्षित आकडा दोन्ही बाजूंना हातानेच लिहिलेला. टेस्ट अर्थातच पास! चिडणार होतो, पण कॉलेजची केमिस्ट्री लॅब आठवली आणि गप्प बसलो. तिथे मी मोरचुदाबरोबर हेच केलं होतं.

प्रयोग तसा सोपा. निळं मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू बाळगणारं. मुशीत घालून वजन करायचं, तापवायचं, पाणी गेलं की पूड पांढरी पडते, मग पुन्हा वजन. २.५० ग्रॅम घेतलं तर १.६० उरायला हवं. गेलेल्या ०.९० ला १८ ने भागा, उरलेल्या १.६० ला १५९.६ ने भागा, गुणोत्तर पाच. माझं उरलं १.७९ आणि उत्तर आलं साडेतीन. सर म्हणाले, "पाच यायला पाहिजे रे." मग काय, उलटं गणित मांडलं, १.७९ चं १.६० केलं आणि सही घेतली. अख्ख्या बॅचने तेच केलं.

आता कळतं, की चूक साडेतीनमध्ये नव्हतीच. पाचांपैकी चार रेणू साधारण ११० अंशांपर्यंत सुटतात. पाचवा सल्फेटला चिकटून बसलेला असतो, त्याला २०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. आणि तोवर पूड इतकी फिकट झालेली असते की आपल्याला वाटतं, झालं काम! तो पाचवा आतच राहिला, तर २.५० चे १.७८ उरतात आणि नेहमीचं सूत्र लावलं की येतात ३.६. म्हणजे माझी मूस मला स्वच्छ सांगत होती, की अजून एक रेणू आत आहे. मी तिलाच खोटं पाडलं.

खरं तर यावर उपाय पद्धतीतच आहे: तापवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, वजन करा, पुन्हा तापवा. लागोपाठ दोन वजनं जुळली की थांबा. रंगावर विश्वास ठेवायचा नाही. गरम मूस तशीच तराजूवर ठेवली तर वर चढणाऱ्या हवेमुळे ती हलकी भरते. उघड्यावर गार केली तर पूड हवेतलं पाणी परत पिते (आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका). फार भाजली तर सल्फेटच फुटायला लागतं, काळं कॉपर ऑक्साइड दिसतं आणि उत्तर पाचाच्या वर जातं. प्रत्येक चुकीचा आकडा काहीतरी सांगतो. पण दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये दुसऱ्यांदा तापवायला वेळ कोणाला?

माझं स्पष्ट मत आहे, की उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग मुलांना देऊच नये. मोरचुदात कोरडी वाळू मिसळून द्या. पाचात एक भाग वाळू असली तर पाणी ३६ टक्क्यांवरून २९ वर येतं. प्रत्येक बाटलीत प्रमाण वेगळं, ते फक्त सरांच्या वहीत. मार्क द्यायचे ते जुळलेल्या दोन वजनांना. सरांचं काम वाढेल, हे मान्य. वाळू मात्र फुकट आहे :)

असो. ती टेस्ट मी परत पाठवली. जर्नल गावी माळ्यावर आहे, त्यात अजून १.६०च आहे.