पट्ट्याचा रंग आणि परीक्षेचा कस

बोळिंजच्या जुन्या वाड्यांना लागून आता उंच गृहसंकुले उभी राहिली आहेत. विरारहून लोकलने मुंबई गाठणारे आईवडील रात्री परततात, तोवर मुले कराटेच्या वर्गातून घरी आलेली असतात. पांढरा गणवेश, कमरेला रंगीत पट्टा, चेहऱ्यावर दमल्याचे समाधान. मुले पडद्यापासून दूर राहून घाम गाळतात, ही स्वागतार्हच गोष्ट होय. मात्र अशा घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘पुढचा पट्टा कधी?’ आज काय शिकलास, हा प्रश्न मागाहून येतो. कित्येकदा येतही नाही.

पालकांचा प्रश्न अस्वाभाविक नाही. शुल्क भरलेले असते, वेळ दिलेला असतो. परंतु त्यामागे एक घातक गृहीत दडलेले आहे. ठरावीक महिने भरले की पट्टा मिळालाच पाहिजे, हे ते गृहीत. असे गृहीत रुजले की परीक्षा ही परीक्षा राहत नाही. ती शुल्काची पावती होते.

श्रेणींची ही पद्धत ज्या जपानमधून आली, तेथील अनुभव या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आपल्या शिष्यांना प्रथम ‘दान’ श्रेणी दिली. येथे दान म्हणजे पायरी. पुढे अनेक युद्धकलांनी ही पद्धत स्वीकारली. बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेल्या तलवारीने खेळली जाणारी केंडो ही कलाही त्यांपैकीच. पण केंडोत रंगीत पट्टाच नाही. खेळाडूच्या कमरेवरील संरक्षक आवरणावर नाव आणि संस्था लिहिलेली असते. श्रेणी कोठेही दिसत नाही. ती कळते ती हालचालीतून.

केंडोच्या श्रेणीपरीक्षेत उमेदवाराला लागोपाठ दोन प्रतिस्पर्ध्यांशी सामना द्यावा लागतो. आश्चर्य म्हणजे तेथे गुण मोजून विजेता ठरवत नाहीत. देहाची ठेवण, अंतराचे भान, संधी हेरण्याची दृष्टी, प्रहारामागचे मन आणि प्रहारानंतरही न ढळणारी सावधता परीक्षक पाहतात. घाईने दहा वार करणारा नापास होतो. योग्य क्षणी एकच निर्दोष वार करणारा उत्तीर्ण होऊ शकतो. त्यानंतर लाकडी तलवारीने ‘काता’, म्हणजे जोडीने करावयाचे ठरीव प्रकार दाखवावे लागतात. १९१२ मध्ये निश्चित झालेले हे प्रकार एकूण दहा आहेत. खालच्या श्रेणींना लेखी प्रश्नही असतात. म्हणून तयारी म्हणजे नवे डावपेच जमवणे नव्हे. तेच मूळ प्रहार, तेच पदन्यास, तोच नमस्कार महिनोन्महिने घासून शुद्ध करणे, हीच तयारी.

शिवाय घाईला वावच ठेवलेला नाही. पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन, अशी प्रतीक्षा वाढत जाते. सातव्यानंतर आठव्यासाठी दहा वर्षे थांबावे लागते आणि वयाची किमान ४६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. या परीक्षेत शंभरात जेमतेम एखादा उत्तीर्ण होतो. केस पिकलेले निष्णात शिक्षक वर्षानुवर्षे नापास होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सरावाला उभे राहतात. नापास होणे तेथे नामुष्की मानली जात नाही. तो शिक्षणाचाच एक भाग असतो.

अर्थात जपानचे सारेच आदर्श मानण्याचे कारण नाही. तेथील केंडो महासंघाच्याच अखत्यारीतील इआइदो या तलवारविद्येच्या वरिष्ठ परीक्षांत उमेदवारांनी परीक्षकांना पैसे दिल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले. परीक्षकच विकला गेला, तर कठोर नियमही कागदावर राहतात. परीक्षेची प्रतिष्ठा अखेर माणसांच्या सचोटीवर उभी असते, हाच त्याचा धडा.

यासाठी जपानकडेच पाहावे लागते असेही नाही. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरूच्या घरी राहून मिळणारी विद्या त्यांनी शिस्तबद्ध अभ्यासक्रमात आणली. १९३१ मध्ये त्यांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचल्या. त्यांतून सारेच गवई झाले नाहीत. पण गाणे कळणारे, त्यासाठी बसून रियाज करणारे हजारो श्रोते घडले. परीक्षेचे खरे फळ ते होते. आणि केवळ प्रमाणपत्रासाठी तीच परीक्षा देणारे काय गमावतात, हेही याच घरांनी पाहिले आहे.

मर्दानी खेळ, लाठी, दांडपट्टा या आपल्या विद्या मात्र प्रामुख्याने गुरुमुखातूनच चालत आल्या. त्यांचे प्रात्यक्षिक मिरवणुकीत दिसते, टाळ्याही मिळतात. ज्या किनाऱ्यावर १७३७ मध्ये अर्नाळा आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, त्या किनाऱ्यावरील मुलांनी या विद्या शिकाव्यात अशी इच्छा कोणीही बोलून दाखवील. पण अभिमान हा अभ्यासाचा पर्याय नव्हे. क्रमवार पाठ, जाणते परीक्षक आणि नापास करण्याचे धैर्य असल्याशिवाय कोणतीही विद्या पुढच्या पिढीकडे अखंड पोहोचत नाही.

आरंभ घरातूनच होऊ शकतो. वर्ग निवडताना पट्टा किती दिवसांत मिळतो हे न विचारता, गेल्या परीक्षेत किती मुलांना थांबवले आणि त्यांच्याकडून पुढे काय करून घेतले, हे पालकांनी विचारावे. ‘अजून तयार नाही’ असे सांगणारा शिक्षक मुलाचा शत्रू नसतो. उलट त्याने मुलाला गांभीर्याने घेतलेले असते. आज लहानशा परीक्षेत प्रामाणिकपणे थांबवले गेलेले आणि त्यातून सावरलेले मूल उद्या मोठ्या अपयशासमोर कोलमडणार नाही. उसनी यशे मोजत वाढलेल्या मुलाजवळ त्या प्रसंगी आधाराला काय असेल, याचा विचार बोळिंजमधील आणि अन्यत्रच्याही प्रत्येक घराने आजच करावयास हवा.