स्मरणरंजनाचे राजकारण

गतकाळाविषयी ओढ वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. मात्र ही ओढ जेव्हा राजकीय कार्यक्रमाचा आधार बनते, तेव्हा तिची चिकित्सा आवश्यक ठरते. ब्रिटनमध्ये १९८३ या निवडणुकीच्या वर्षी हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी 'व्हिक्टोरियन मूल्यां'चा पुरस्कार केला. काटकसर, स्वावलंबन, कष्टाळूपणा यांचे मोल कोण नाकारील? परंतु अशा गौरवातून एक सोपी विभागणी सहज रुजते : काल उजळ, आज काळाकुट्ट, कष्ट करणारा सद्गुणी, साहाय्य मागणारा दोषी.

प्रत्यक्षातील व्हिक्टोरियन काळ असा दुरंगी नव्हता. त्या काळी कोळशाच्या खाणींत लहान मुले राबत होती. ती आळशी नव्हती. तरीही केवळ स्वतःच्या कष्टांच्या बळावर त्यांची सुटका होणे शक्य नव्हते. अखेर १८४२ साली कायदा झाला आणि स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे यांना खाणीत जमिनीखाली कामास लावण्यावर बंदी आली. विशेष म्हणजे हे विधेयक संसदेत मांडणारे लॉर्ड अ‍ॅश्ली हुजूर पक्षाचेच होते.

स्मरणरंजन गतकाळातील दुःख झाकते, तसेच परंपरेतील करुणेचाही विसर पाडते. परंपरेचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ती समग्र वाचावी. कोणीही सुवर्णयुगाचे चित्र समोर ठेवले, तर त्या युगात सर्वांत दुर्बल माणसाची स्थिती काय होती, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावा.